पॅड घरी बदलावेत, पण ऑइलची वाट उघडावी का?

गाडीची किरकोळ कामे स्वतः करणाऱ्या वाचकांची ब्रेकविषयीची बरीच पत्रे साठली होती. त्यांतील सर्वांना लागू पडतील अशी काही या अंकात एकत्र घेतली आहेत. उत्तरे देताना एक भेद मी सतत मनाशी ठेवला आहे. चाकाबरोबर फिरणारी डिस्क, तिला दोन बाजूंनी घासून थांबवणारे पॅड आणि ते पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिना ही कामे डोळ्यांना दिसणारी आहेत, त्यामुळे त्यांतली चूकही बहुधा दिसते. ब्रेक ऑइलचा बंद मार्ग एकदा उघडला की चूक आत दडून बसते आणि ती पेडलवर पाय ठेवल्यावरच कळते. या दोन प्रकारच्या कामांकडे एकाच धिटाईने पाहू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : इंजिन ऑइल, फिल्टर, प्लग ही कामे मी कित्येक वर्षे घरीच करतो. आता पुढचे ब्रेक पॅड संपत आले आहेत. ते घरी बदलण्याचे धाडस करावे का? आणि केल्यास सर्वांत अधिक काळजी कशाची घ्यावी?

करावे. मात्र तुमच्या गाडीची दुरुस्ती-पुस्तिका हाताशी हवी आणि कामाला घाई नसावी. संध्याकाळी काम काढून सकाळी त्याच गाडीने प्रवासाला निघण्याचा बेत असेल, तर तो आधी बदला.

पहिला धोका ब्रेकचा नसून जॅकचा आहे. गाडीबरोबर मिळणारा जॅक चाक बदलण्यापुरता दिलेला असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात, पाय किंवा डोके घालायचे नाही. गाडी सपाट आणि टणक जमिनीवर उभी करा. मातीवर किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर जॅक खचतो. जे चाक उचलायचे नाही त्याला पुढून-मागून ठोकळे लावा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करा, कारण गाडी उचलल्यावर पान्याला जोर लावला की ती जॅकवरून घसरू शकते. मग पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून गाडी उचला, तिच्याखाली जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजमधली घोडी, ठेवा आणि गाडीचा भार घोडीवर उतरवा. विटा, दगड किंवा पोकळ सिमेंटचे ठोकळे कितीही मजबूत दिसले तरी ते अचानक फुटतात. भार उतरवल्यावर गाडीला हाताने चांगला हेलकावा देऊन पाहा. ती पडणार असेल तर तुम्ही बाहेर असतानाच पडलेली बरी. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली आडवे सरकवून ठेवण्याची सवयही चांगली आहे.

आता प्रत्यक्ष काम. कॅलिपरचे बोल्ट काढल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. नळीला बाहेरून काही झालेले दिसत नाही, पण आतला पदर फाटू शकतो. जाड तारेचा आकडा करून कॅलिपर सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. नवे पॅड जाड असल्यामुळे कॅलिपरमधला, पॅडला दाबणारा पिस्टन आत ढकलावा लागतो. तो ढकलला की तेवढे ऑइल मागे ब्रेक ऑइलच्या टाकीत जाते, म्हणून टाकीचे झाकण आधी सैल करा आणि पातळीवर लक्ष ठेवा. मध्यंतरी कोणी टाकी काठोकाठ भरली असेल, तर ऑइल उतू जाऊन गाडीच्या रंगावर पडते आणि रंग सोलून काढते. तसे झालेच तर पुसत न बसता लगेच भरपूर पाणी ओता. पिस्टन सी-क्लॅम्पने, म्हणजे स्क्रूने आवळण्याच्या शिकंजाने, सावकाश आणि सरळ ढकलावा. तो अजिबात हलत नसेल, किंवा त्याच्याभोवतीचे रबर फाटून आत गंज दिसत असेल, तर काम तिथेच थांबवा. नवे पॅड बसवून अडकलेला पिस्टन सुटत नाही.

कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या काढून स्वच्छ करा. त्यांना ब्रेकसाठीचेच, उष्णता सोसणारे सिलिकॉन ग्रीस लावा. चाकाच्या बेअरिंगचे नेहमीचे ग्रीस इथे चालत नाही, कारण त्याने पिनेचे रबर फुगते. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला आणि डिस्कला ग्रीसचा किंवा तेलकट बोटाचा स्पर्शही होऊ देऊ नका. नव्या डिस्कवर गंज चढू नये म्हणून बहुधा तेलाचा पातळ थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पुसून मगच ती बसवा.

यानंतरची पायरी कोणीही विसरू नये, आणि हे मी अनुभवाने लिहितो आहे. पिस्टन मागे ढकललेला असल्याने पॅड आणि डिस्क यांच्यात फट असते. गाडी खाली उतरवून सुरू केली आणि पेडल दाबले, तर पहिल्या वेळी ते थेट तळाला जाते. माझ्या पहिल्याच कामात मी हत्यारे आवरली, गाडी रिव्हर्समध्ये घातली आणि मागच्या भिंतीला टेकवूनच थांबवली. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. इंजिन बंद असताना पेडल सावकाश, लहान दाबांनी पंप करायचे. ते वर येऊन घट्ट झाले की टाकीची पातळी पाहायची. मग इंजिन सुरू करून गाडी चालण्याच्या वेगाने हलवायची आणि दोन-चार वेळा थांबवायची. एवढे झाल्यावरच रस्त्यावर जायचे.

चाकाचे नट समोरासमोरच्या जोड्यांनी, टॉर्क रेंचने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेतील आकड्याइतके आवळा. बहुतेक लहान गाड्यांत तो आकडा ८० ते १२० न्यूटन-मीटर असतो, पण तुमच्या गाडीचा आकडा पाहूनच आवळा. साधारण ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासा.

प्रश्न : पुढच्या डाव्या चाकाचा आतला पॅड जवळजवळ पत्र्यापर्यंत झिजला आहे, बाहेरचा मात्र अर्धा शिल्लक आहे. उजवीकडचे दोन्ही ठीक दिसतात. फक्त डाव्या बाजूचे पॅड बदलले तर चालेल का?

चालणार नाही. पॅड नेहमी एका धुरीच्या दोन्ही चाकांना एकदम बदलावेत. दोन बाजूंची पकड वेगळी झाली की जोरात ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते, आणि ते बहुधा नको त्या क्षणीच घडते.

तुमच्या पत्रातली खरी बातमी मात्र दुसरीच आहे. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन आतल्या पॅडला दाबतो आणि त्याच्या प्रतिक्रियेने पूर्ण कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर आणतो. आतलाच पॅड झिजतो आहे याचा अर्थ कॅलिपर नीट सरकत नाही किंवा पिस्टन नीट मागे येत नाही. पिना सुकल्या आहेत का, पॅडचे कान त्यांच्या खाचेत गंजाने अडकले आहेत का आणि पिस्टन हाताच्या क्लॅम्पने मोकळेपणाने जातो का, या तीन गोष्टी पाहा. कारण तसेच ठेवून पॅड बदलले, तर काही महिन्यांनी तुम्ही हेच पत्र पुन्हा लिहाल.

नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १० ते १२ मिलिमीटर जाड असतो, आणि तो ३ मिलिमीटरवर आला की बदलण्याची वेळ झाली असे समजावे. पॅड पत्र्यापर्यंत गेला असेल तर डिस्ककडेही पाहा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच, बहुधा मधल्या भागावर किंवा कडेवर, कोरलेली असते. ती मायक्रोमीटरने मोजा. काठाला उरलेली न झिजलेली कड मापाच्या साध्या व्हर्निअर कॅलिपरच्या जबड्यांत येऊन माप चुकवते. डिस्कही जोडीनेच बदलायची असते.

प्रश्न : टाकीतील ब्रेक ऑइल कमी दिसले म्हणून माझ्या मुलाने घरात असलेले स्टिअरिंगचे ऑइल त्यात ओतले. गाडी त्यानंतर चार-पाच किलोमीटर चालली आहे आणि ब्रेक आत्ता तरी लागतात. टाकी रिकामी करून योग्य ऑइल भरले म्हणजे पुरे होईल का?

दुर्दैवाने नाही, आणि ही गाडी आता चालवू नका.

या चुकीचा दोष मी मुलाला देणार नाही, थोडा आपल्या भाषेलाही देईन. आपण सगळे ‘ब्रेक ऑइल’ म्हणतो खरे, पण बहुतेक गाड्यांतला हा द्रव तेल नसतोच. तो ग्लायकॉल वर्गातला, पाण्यात मिसळणारा द्रव आहे. ब्रेकमधली रबरी सीले त्याच्यासाठीच बनवलेली असतात. इंजिनचे, गिअरचे किंवा स्टिअरिंगचे ऑइल खनिज तेलापासून बनते आणि त्याच्या संपर्कात ही सीले फुगून मऊ होतात. हे तासाभरात दिसत नाही. काही काळाने मास्टर सिलिंडरमधले, म्हणजे पेडलच्या दाबाने ऑइल चाकांकडे ढकलणाऱ्या भागातले, फुगलेले रबर ऑइल परत जाण्याचे छिद्र झाकते, ब्रेक लागलेलेच राहतात, चाके तापतात, आणि अखेरीस सीले दाब धरेनाशी होतात.

शंका असेल तर टाकीतला थोडा द्रव काचेच्या पेल्यातल्या पाण्यात टाकून पाहा. ब्रेकचा द्रव पाण्यात विरघळतो, खनिज तेल वर तरंगते. ओतल्यानंतर पेडल एकदाही दाबले नसते, तर तेल टाकीपुरतेच राहिले असण्याची शक्यता होती. पाच किलोमीटर चालल्यावर ते मास्टर सिलिंडरमध्ये आणि पुढे गेले आहे, असेच धरून चालावे लागते. आता मास्टर सिलिंडर, चाकांवरची सीले, रबरी नळ्या बदलाव्या लागतील आणि धातूच्या नळ्या धुवाव्या लागतील. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, युनिटचे काय करायचे ते तपासणाऱ्याने ठरवायचे. खर्च मोठा आहे हे मला ठाऊक आहे, पण हे काम घरचे नव्हे.

मुळात पातळी कमी का झाली होती, हेही विचारात घ्या. पॅड झिजतात तसे पिस्टन बाहेर येतात आणि त्यांच्यामागची जागा ऑइल भरून काढते, त्यामुळे टाकीतली पातळी महिनोन्महिने हळूहळू उतरते. हे स्वाभाविक आहे, आणि अशा वेळी ऑइल भरण्याऐवजी पॅड पाहायचे असतात. पातळी काही दिवसांत उतरली असेल तर मात्र गळती आहे.

इतर वाचकांसाठी ऑइलच्या दर्जाविषयी थोडे लिहितो. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ हे तिन्ही ग्लायकॉल वर्गातले आहेत. डॉट ५ हे सिलिकॉनचे असून ते या तिघांत मिसळायचे नसते. आकड्यांची ही रचना फसवी आहे, त्यामुळे टाकीच्या झाकणावर जे लिहिले असेल तेच आणा. ग्लायकॉलचा द्रव हवेतला ओलावा शोषतो आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरत जातो. ताज्या डॉट ४ साठी तो किमान २३० अंश सेल्सियस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवला की कॅलिपरमधला द्रव तापतो. तो उकळला तर त्याची वाफ होते, वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही, आणि पेडल तळाला जाते. म्हणूनच बहुतेक उत्पादक साधारण २ वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात. फोडून ठेवलेली, महिनोन्महिने पडून असलेली बाटली वापरू नका.

प्रश्न : भावाच्या मदतीने मी पुढचे दोन्ही कॅलिपर नवे बसवले. त्यानंतर तीन वेळा ब्रेकच्या नळ्यांतली एअर (हवा) काढली, पण पेडल अजून स्पंजासारखे लागते. मास्टर सिलिंडर खराब झाला असेल का?

असेलही, पण त्याआधी एक साधी गोष्ट पाहा. कॅलिपरचा ब्लीडर निप्पल, म्हणजे हवा काढण्याचा स्क्रू, वरच्या टोकाला आहे की खालच्या? डावा आणि उजवा कॅलिपर दिसायला सारखे असतात आणि पुष्कळ गाड्यांत ते अदलाबदल होऊनही व्यवस्थित बसतात. तसे झाले की निप्पल खाली येतो. हवा वरच्या कोपऱ्यात बसून राहते आणि तुम्ही दिवसभर एअर काढली तरी नुसते ऑइलच बाहेर येते. हे चांगल्या जाणत्या हातांकडूनही घडते.

निप्पल वरच असतील तर पद्धत तपासा. निप्पलवर पारदर्शक नळी चढवून तिचे दुसरे टोक थोडे ताजे ऑइल घातलेल्या बाटलीत बुडवून ठेवा. भावाने पेडल सावकाश दाबून धरायचे आणि ‘धरले’ असे म्हणायचे. मग तुम्ही निप्पल अर्धा फेरा उघडायचा, ऑइल वाहून झाले की बंद करायचा आणि ‘सोड’ म्हणायचे. निप्पल उघडा असताना पेडल सुटले, तर हवा निप्पलच्या आट्यांमधून पुन्हा आत जाते. दोघांनी बोलत काम करणे एवढ्यासाठीच आवश्यक आहे. टाकी मध्ये एकदाही रिकामी होऊ देऊ नका, नाहीतर वरूनच नवी हवा शिरते. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन जिथे कधी पोचत नाही, तिथे गंज आणि मळ साठलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत नेले की सील त्यावर घासून फाटते.

मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून सुरुवात करावी, हा रूढ क्रम आहे. पण ज्या गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग तिरपे विभागलेले असतात त्यांचा क्रम वेगळा असू शकतो, म्हणून पुस्तिका पाहा. नळीचा बोल्ट काढला असेल तर त्याच्या तांब्याच्या वॉशरही नव्याच हव्यात. एवढे करूनही पेडल मऊ राहिले, तर हवा एबीएसच्या युनिटमध्ये अडकली असण्याचा संभव आहे. ती काढायला स्कॅन यंत्राने आतले व्हॉल्व्ह चालवावे लागतात आणि त्यासाठी गॅरेजकडेच जावे लागेल. मात्र पेडल असे असताना गाडी स्वतः चालवत तिथे नेऊ नका.

प्रश्न : नवे पॅड बसवल्यापासून हलका ब्रेक लावला की बारीक चीं असा आवाज येतो. ब्रेक चांगले लागतात. काळजीचे कारण आहे का?

बहुधा नाही. हा पॅडच्या सूक्ष्म कंपनांचा आवाज असतो. पॅडच्या पाठीवरचे पातळ पत्रे जुन्या पॅडबरोबर टाकून दिले गेले नाहीत ना आणि झीज दाखवणारी पट्टी डिस्कला टेकत नाही ना, हे एकदा पाहा. नवे पॅड डिस्कवर बसायलाही वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत मध्यम ब्रेकने वेग उतरवा, पूर्ण थांबू नका, थोडे अंतर जाऊ द्या आणि असे दहाएक वेळा करा. पॅडच्या उत्पादकाने वेगळी रीत दिली असेल तर ती पाळा. आवाज खरवडल्यासारखा, धातूवर धातू घासल्यासारखा असेल तर मात्र गाडी थांबवून चाक काढा.

प्रश्न : मागच्या ड्रमचे लायनर बदलायचे आहेत. ड्रम निघतच नाही. शिवाय आतली धूळ घातक असते असे ऐकले, ते खरे आहे का?

खरे आहे. जुन्या आणि अज्ञात बनावटीच्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या थरामध्ये, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, आणि तो नसला तरी ही बारीक भुकटी फुप्फुसात जाण्याजोगी नाही. तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने ती कधीही उडवू नका, घरच्या व्हॅक्यूम क्लीनरनेही ओढू नका. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ती भिजवून फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका. मास्क लावावाच, पण तो भिजवण्याला पर्याय नाही. क्लोरीनयुक्त क्लीनर तापलेल्या धातूवर किंवा वेल्डिंगच्या आसपास वापरू नका, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो.

ड्रम निघत नाही तो बहुधा हँडब्रेक ओढलेला असल्यामुळे, किंवा झिजलेल्या ड्रमच्या आत पडलेल्या कडेत लायनर अडकल्यामुळे. हँडब्रेक सोडावा लागतो आणि बहुतेक गाड्यांत तो मागच्याच चाकांना असतो, म्हणून पुढच्या चाकांचे ठोकळे पक्के हवेत. मागच्या छिद्रातून लायनर आणि ड्रम यांतली फट जुळवणारा अ‍ॅडजस्टर सैल केला की ड्रम सुटतो.

एका वेळी एकाच बाजूचे काम काढा. स्प्रिंगांचा तो गुंता पाहून कोणालाही धडकी भरते, पण दुसरी बाजू नमुन्यासाठी जोडलेली असली की अर्धी अडचण संपते. फोटोही काढून ठेवा. ज्यांवर लायनर बसलेले असतात त्या दोन शूंची लायनिंग लांबीला वेगळी असेल तर कोणता पुढे आणि कोणता मागे ते टिपून घ्या. डाव्या-उजव्या अ‍ॅडजस्टरच्या आट्या बहुधा उलट असतात, त्या एकमेकांत मिसळू देऊ नका. स्प्रिंग सुटून उडते, म्हणून चष्मा लावा. आणि ड्रम बाहेर असताना घरातल्या कोणालाही पेडलवर पाय ठेवू देऊ नका, कारण शू ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात आणि तुम्ही टाळत असलेले ऑइलचे काम तुमच्यापुढे येऊन उभे राहते.

प्रश्न : माझ्या गाडीत हँडब्रेकचा दांडा नाही, बटण आहे. मागचे पॅड बदलताना क्लॅम्पने पिस्टन ढकलला तर चालतो का?

नाही. बटणाच्या हँडब्रेकमध्ये पुष्कळदा कॅलिपरवरच मोटार असते आणि तिचा स्क्रू पिस्टनच्या आत असतो. आधी गाडी सर्व्हिस मोडमध्ये, म्हणजे दुरुस्तीसाठीच्या स्थितीत, नेऊन तो स्क्रू मागे घ्यावा लागतो, नाहीतर क्लॅम्पने आतली यंत्रणा मोडते. काही हायब्रिड आणि विजेच्या गाड्यांत तर दार उघडताच ब्रेकमध्ये आपोआप दाब तयार होतो आणि तुमची बोटे तेव्हा पॅडजवळ असू शकतात. सर्व्हिस मोडची पद्धत पुस्तिकेत नसेल तर हे काम हाती घेऊ नका.

प्रश्न : सिग्नलला पाय पेडलवर ठेवला की ते हळूहळू खाली जात राहते. बाहेर कुठेही गळती दिसत नाही. मास्टर सिलिंडरचे किट घरी बसवता येईल का?

इंजिन सुरू होताना पेडल किंचित खाली जाते, ते पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमुळे आणि ते योग्यच आहे. सारख्या दाबाखाली ते उतरतच राहणे वेगळे. टाकीची पातळी स्थिर असेल तर मास्टर सिलिंडरमधले सील आतल्या आत ऑइल सोडते आहे. पातळी उतरते आहे आणि बाहेर थेंबही दिसत नाही, असे असेल तर मागचे सील गळून ऑइल बूस्टरमध्ये जात असावे.

किट, म्हणजे नव्या सीलांचा संच, बसवणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही, पण जुन्या सिलिंडरच्या आतल्या पृष्ठभागावर ओरखडे असतील तर नवे रबरही टिकत नाही, आणि ते ओरखडे ओळखायला सरावाची नजर लागते. पूर्ण सिलिंडर बदलायचा तर गाडीवर चढवण्यापूर्वी तो बाकावर धरून त्यातली हवा काढावी लागते. पहिल्या प्रयत्नासाठी मी हे काम सुचवणार नाही. आणि गाडी गॅरेजपर्यंत नेताना ती दुसऱ्या गाडीला दोरीने बांधून ओढू नका, कारण दोरीने ओढल्या जाणाऱ्या गाडीला थांबण्यासाठी स्वतःचेच ब्रेक वापरावे लागतात. ती चारही चाकांनिशी दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्या.